रिकामी नसलेली जागा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्याचा कोपरा उंदरांनी खाल्लेला, आतली शाई काही ठिकाणी पसरलेली. २००४च्या उन्हाळ्यापासून पुढची सहा वर्षे मी तिच्यात फ्रान्सच्या फुटबॉल संघाचे निकाल उतरवत होतो : तारीख, गाव, गोल आणि जमेल तिथे खेळाडूंची नावे. कोल्हापुरात राहून फ्रान्सचे निकाल टिपणारा माणूस तसा विक्षिप्तच. आमच्याकडे विश्वचषक आला की गल्ल्यांवर झेंडे लागतात ते ब्राझीलचे नाहीतर अर्जेंटिनाचे. तिसऱ्या कुणाचे असणे म्हणजे गल्लीत राहून मंडळाची वर्गणी न देण्यासारखे. पण ८ जुलै १९९८चा फ्रान्स-क्रोएशिया उपान्त्य सामना मी मध्यरात्रीनंतर जागून पाहिला होता. त्यात लिलियन थुराम नावाच्या उजव्या बॅकने दोन गोल केले आणि माझा पक्ष ठरला.

त्या दोन गोलांची गंमत पुढे कळली. थुराम फ्रान्सकडून १४२ सामने खेळला आणि त्याचे एकूण गोल दोनच, तेही त्या एका रात्रीचे. त्यातला पहिला तर एका अर्थी परतफेड होती. दुसरा अर्ध सुरू होताच क्रोएशियाच्या शुकरने गोल केला तो थुराम मागे रेंगाळल्यामुळे. बाकीची बचावफळी पुढे सरकली, हा राहिला आणि शुकर ऑफसाइड ठरला नाही. मिनिटाभरात थुराम पुढे धावला आणि बरोबरी करून आला. अशा खेळाडूवर जीव जडला तर त्याला इलाज नसतो.

हा लेख मात्र थुरामच्या आरतीसाठी लिहीत नाही. निवृत्त झालेल्या जाणत्या बचावपटूला राष्ट्रीय संघात पुन्हा बोलावले जाते, या प्रसंगाची जी गोष्ट आपण सांगतो तिच्यात काहीतरी चुकते आहे, असे मला गेली काही वर्षे वाटते. नेमके काय चुकते ते मला या वहीने दाखवले. आकडे मीच लिहिले होते. ते वाचायचे मात्र बरीच वर्षे राहून गेले.

आधी घटनाक्रम सांगतो. २५ जून २००४ रोजी लिस्बनमध्ये ग्रीसने फ्रान्सला १-० हरवून युरोपीय स्पर्धेबाहेर काढले. त्यानंतर काही आठवड्यांत एक अख्खी पिढी उठून गेली. झिनेदिन झिदान, क्लोद माकेलेले, लिझाराझू, देसाई आणि थुराम. (मार्सेल देसाई हे नाव आपल्या लिपीत लिहिले की गृहस्थ हटकून सावंतवाडीकडचे वाटतात. ते घानात जन्मले आणि फ्रान्समध्ये वाढले.) प्रशिक्षक सांतिनी इंग्लंडला गेले. त्यांच्या जागी रेमों दोमेनेक आले. हे अनेक वर्षे एकवीस वर्षांखालील मुलांचा संघ सांभाळत होते, म्हणजे नव्या पोरांना ओळखणारे. २००६च्या विश्वचषकाची पात्रता फेरी समोर होती. गटात आयर्लंड, स्वित्झर्लंड, इस्रायल, सायप्रस आणि फेरो बेटे. कागदावर सोपा गट.

तो सोपा गेला नाही. घरच्या मैदानावर इस्रायलशी ०-०, आयर्लंडशी ०-०, स्वित्झर्लंडशी ०-०. इस्रायलमध्ये जाऊन १-१. जिंकले ते फक्त फेरो बेटे आणि सायप्रस यांच्याशी. पॅरिसची वर्तमानपत्रे तापली, दोमेनेकची जाण्याची वेळ झाली असे सगळे म्हणू लागले. मग ३ ऑगस्ट २००५ रोजी झिदानने परतत असल्याचे जाहीर केले. त्याच्याबरोबर माकेलेले आला आणि पाठोपाठ थुरामही. १७ ऑगस्टला माँपेलिए येथे आयव्हरी कोस्टवर ३-० असा विजय मिळाला. सप्टेंबरमध्ये फेरो बेटांवर ३-०, डब्लिनमध्ये आयर्लंडवर १-०, ऑक्टोबरमध्ये बर्नला स्वित्झर्लंडशी १-१ आणि शेवटी सायप्रसवर ४-०. फ्रान्स गटात पहिला आला. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळत होता.

ही गोष्ट इतकी गोल आहे की कुणी शंका घेतच नाही. म्हातारे गेले, घर बुडाले. म्हातारे आले, घर तरले. झिदानने तर रात्री ऐकू आलेल्या कुठल्याशा आवाजाची कथाही सांगितली होती, त्यामुळे पुराणकथेला लागणारा दृष्टान्तही हाताशी होता. आमच्या मराठी क्रीडापानांवर असल्या प्रसंगांसाठी शब्द ठरलेले असतात : अनुभवाची शिदोरी, बचावाची अभेद्य भिंत, संघाला बळकटी. हे शब्द मी स्वतः गल्लीतल्या मंडळाच्या अंकात वापरले आहेत, तेव्हा दुसऱ्याला हसण्याचा मला अधिकार नाही.

आता वही. थुराम परतण्यापूर्वी फ्रान्स पात्रता फेरीचे सहा सामने खेळला होता. त्या सहा सामन्यांत फ्रान्सने खाल्लेले गोल किती? एक. इस्रायलमधला तेवढा. तो परतल्यानंतरचे सामने चार. त्यांत खाल्लेले गोल? तोही एक, बर्नचा. दहा सामन्यांत दोन गोल. पहिल्या सहांत एक, पुढच्या चारांत एक. बचावफळीला गळती लागलेली नव्हतीच. गळती होती ती पुढे. पहिल्या सहा सामन्यांत फ्रान्सने गोल केले पाच, आणि ते पाचही मोजताना चार दुबळ्या संघांवरचे आहेत हे लक्षात ठेवावे लागते. नंतरच्या चार सामन्यांत नऊ झाले. यातही फेरो आणि सायप्रस दोन्हीकडे एकेकदा येतात, तेव्हा ते वजा केले तरी चित्र तेच राहते : आधी चार सामन्यांत एक गोल, नंतर दोन सामन्यांत दोन. झिदानला बोलावण्याचे कारण आकड्यांत दिसते. माकेलेलेचेही ओढूनताणून दाखवता येईल. थुरामला बोलावण्याचे कारण आकड्यांत कुठेही नाही.

मग या सहा सामन्यांत मागे उभे कोण होते? नावे लिहिलेली आहेत : स्किलाची, जिव्हे, बुमसाँग आणि कधी मध्ये, कधी कडेला विल्यम गाला. स्किलाची आणि जिव्हे तेव्हा मोनाकोत खेळत होते. मोनाको त्याच वर्षी, २००४मध्ये, युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेला संघ. ही पोरे कच्ची नव्हती. त्यांना जे काम दिले होते ते त्यांनी केले, सहा सामन्यांत एकच गोल दिला. तरी संघ जिंकत नव्हता म्हणून तातडीने जी माणसे परत आणली गेली त्यांतला एक माणूस त्यांच्या जागेवर आला.

इथे थोडे थांबून इतर परतींकडे पाहायला हवे, कारण सगळ्या परती एका मापाने मोजता येत नाहीत. आपल्या पिढीच्या क्रिकेटवेड्यांना बॉब सिम्प्सन आठवत असेल. १९७७मध्ये बेदींचा संघ ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, एक्केचाळीस वर्षांच्या सिम्प्सनला कप्तान म्हणून उभे केले गेले आणि आपण ती मालिका २-३ हरलो. पण तिथे पॅकरने माणसे नेली होती. जागा ओस पडली होती. सिम्प्सनने कुणाला उठवले नाही. फुटबॉलमध्ये जर्मनीचा लोथार माथेउस १९९८च्या विश्वचषकाआधी, सदतिसाव्या वर्षी, साडेतीन वर्षांच्या खंडानंतर परत बोलावला गेला. त्याने औपचारिक निवृत्ती घेतली नव्हती, नुसता बाहेर होता. तो आला कारण मात्थियास सामरचा गुडघा निकामी झाला होता आणि मागे मोकळा फिरणारा दुसरा बचावपटू जर्मनांकडे तयार नव्हता. इंग्लंडचा जेमी कॅरघर २००७मध्ये राष्ट्रीय संघातून स्वतः बाहेर पडला होता. मधल्या जागेसाठी आपला नंबर नेहमी मागेच लागतो याचा त्याला कंटाळा आला होता. २०१०च्या विश्वचषकासाठी कपेलोने त्याला परत बोलावले. अमेरिकेविरुद्ध अर्ध्या वेळेला लेडली किंग दुखावला म्हणून कॅरघर आत आला, पुढे अल्जेरियाविरुद्ध सुरुवातीपासून खेळला, दोन्ही सामन्यांत पिवळे कार्ड घेतले आणि तिसऱ्या सामन्याला बंदीमुळे बाहेर बसला. त्यानंतर तो इंग्लंडकडून पुन्हा खेळलाच नाही. या सगळ्यांत यशापयश वेगवेगळे आहे, पण एक गोष्ट समान आहे. कुणाचा तरी गुडघा, कुणाची तरी मांडी, कुणाचा तरी करार यांमुळे जागा रिकामी होती. थुरामची जागा रिकामी नव्हती.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण सुनील छेत्रीचे. तो आघाडीचा खेळाडू, म्हणून या लेखात त्याला थोडीच जागा, पण फरक स्पष्ट व्हायला तो उपयोगी आहे. ६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतशी ०-० करून तो निवृत्त झाला. त्या वर्षी भारत अकरा सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. मार्च २०२५मध्ये मानोलो मार्केझ यांनी छेत्रीला परत बोलावले. इथे आकडे बोलत होते : त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूंतले सर्वाधिक गोल चाळिशीत आलेल्या छेत्रीचेच होते. शिलाँगला मालदीववर ३-०, त्यात त्याचा एक. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २-१ हरवले आणि आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. त्या परतीवर टीका करायची तर करता येते. पण टीका करणारा आणि समर्थन करणारा दोघेही एकाच हिशेबावर बोट ठेवून भांडू शकतात. गोल झाले की नाही झाले. बचावपटूच्या परतीला असा हिशेब नसतो. त्याने काय केले हे जे घडले नाही त्यात असते, आणि जे घडले नाही ते त्याच्यामुळेच घडले नाही असे कुणी सिद्ध करून देऊ शकत नाही. म्हणून तिथे श्रद्धेला जागा फार.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे, आणि ती लंगडी नाही. २००६च्या विश्वचषकात फ्रान्सने सात सामन्यांत तीन गोल खाल्ले. कोरियाच्या पार्कचा एक, स्पेनच्या व्हियाचा पेनल्टीवर एक, अंतिम सामन्यात मातेरात्सीचा एक. सातही सामन्यांत मधली जोडी थुराम आणि गाला हीच होती. व्हियाची पेनल्टी थुराममुळेच मिळाली हे खरे, पण त्या स्पर्धेत त्याच्या नावावर चूक म्हणून लिहावे असे फारसे काही नाही. फ्रँकफर्टला ब्राझीलविरुद्धचा सामना लोकांना झिदानमुळे आठवतो. झिदानने त्या रात्री जे केले ते डोळे भरून पाहावे असेच होते. मी तो सामना नंतर पुन्हा पाहिला तेव्हा मुद्दाम झिदानकडे पाहिले नाही, मागे पाहिले. थुराम पळताना दिसतच नाही. १९९८मध्ये हाच माणूस उजव्या कडेने साठ-साठ यार्ड धावायचा. आता चौतिसाव्या वर्षी तो दोन पावले सरकतो आणि रोनाल्डोला चेंडू मिळायच्या आधीच तिथे असतो. हात सतत हवेत : गालाला मागे ये, साग्नोलला पुढे हो, माकेलेलेला डावीकडे. रोनाल्डो, रोनाल्डिन्यो, काका असलेल्या ब्राझीलला बार्थेझची परीक्षा घ्यायची संधी जवळजवळ मिळालीच नाही. पुढच्या सामन्यात, म्युनिकला पोर्तुगालविरुद्ध, सर्वोत्तम खेळाडूचा मान थुरामलाच मिळाला. उपान्त्य सामन्यात बचावपटूला तो मान मिळणे हे विरळाच. त्याच स्पर्धेत त्याने देसाईचा ११६ सामन्यांचा फ्रेंच विक्रम मोडला.

हे सगळे स्किलाची किंवा बुमसाँग यांना जमले असते का? मला नाही वाटत. पण मला असे वाटणे हा पुरावा नव्हे. त्यांना विश्वचषकात कुणी उभे करून पाहिलेच नाही. स्किलाची तर संघातही नव्हता. जिव्हे आणि बुमसाँग संघाबरोबर जर्मनीत गेले, आणि मधली जोडी सात सामने हलली नाही. रोममध्ये खेळणाऱ्या फिलिप मेक्सेसला नेलेच नाही. त्याच्या नशिबात विश्वचषकाचा एकही सामना आला नाही.

आता एक खासगी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मी विसाव्या वर्षी आमच्या पेठेतल्या एका संघाकडून स्टॉपर म्हणून खेळत होतो. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो आणि शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की पेठेतली दुकाने अर्धी बंद असतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. त्या वर्षी एका स्पर्धेत आम्ही तीन सामने खेळलो आणि एकही गोल खाल्ला नाही. जिंकलो मात्र रडतखडत. दोनदा तर पेनल्टीवर. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बैठक बसली. चार वर्षांपूर्वी खेळणे सोडलेले, साखर कारखान्यात नोकरी करणारे, पोट सुटलेले आमचे जुने बॅक बोलावले गेले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते नको नको म्हणत होते. तेव्हा जाणत्यांपैकी एकजण म्हणाला, ‘‘अण्णा, तुमी फकस्त हुबं ऱ्हावा. पळायचं काम पोरं करत्यात.’’

अण्णा उभे राहिले. मी बाकावर बसलो. माझी जर्सी त्यांना घट्ट झाली म्हणून एका बाजूने उसवावी लागली. सामना आम्ही १-० जिंकला. नव्वद मिनिटे अण्णा ओरडत होते; स्टेडियमच्या गलक्यातही त्यांचा आवाज मला बाकावर स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी दोनदा असा चेंडू अडवला की मी असतो तर गोल झालाच असता, हे मला तेव्हाही कळले आणि आजही कबूल आहे. मिरवणुकीत अण्णांना खांद्यावर घेतले होते. एक खांदा माझा होता. उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ‘‘फुडल्या सालाला तूच रे.’’ पुढच्या वर्षी अंतिम सामन्याला तेच उभे राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा पाय मोडला, तेव्हा बोलावणे आले. पण मी तोवर इचलकरंजीला नोकरीला लागलो होतो आणि सुटी मिळाली नाही. त्या संघाने अंतिम सामन्यात चार गोल खाल्ले असे ऐकले.

मला राग अण्णांचा कधीच आला नाही. आमच्या जाणत्यांचाही फार नाही. तीन सामने गोल न खाल्लेल्या मुलाबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही, याचा आला. तो निर्णय चूक नव्हता. त्या निर्णयाची गोष्ट सांगताना मी तिच्यात नव्हतोच. थुरामच्या परतीवर मी जे जे वाचले त्यात स्किलाचीही असाच नाही.

थुरामसारख्याला कशासाठी बोलावतात, याचे माझे उत्तर आता असे आहे. गोल थांबवण्यासाठी नव्हे, धीर येण्यासाठी. संघ जिंकेनासा झाला की पहिली शंका पुढच्यांवर यायला हवी. पण भीती नेहमी मागून येते. आपण एक गोल करू शकत नाही, म्हणजे एक गोल खाल्ला तर संपलो, असे वाटू लागते. मग मागे असा माणूस हवा असतो ज्याच्याकडे पाहिले की पुढच्याला मागे वळून पाहावे लागत नाही. ही गरज खोटी नाही. नाटक मंडळीत जुना प्रॉम्प्टर परत आला की नट चुकत नाहीत, ते त्याच्या आवाजामुळे नव्हे. तो विंगेत आहे एवढे पुरते. पण मग ती गरज भीतीची आहे हे मान्य करावे. तिला बळकटी म्हणू नये.

थुरामबरोबर आणखी काही परतले, ते मात्र संघाच्या कामाचे होते असे मी म्हणणार नाही. ते देशाच्या कामाचे होते. तो ग्वादलूपमध्ये १९७२ साली जन्मला आणि नऊ वर्षांचा असताना पॅरिसच्या बाजूला आला, स्थलांतरितांच्या वस्तीत वाढला. २००५च्या शरदात फ्रान्सच्या उपनगरांत दंगली पेटल्या. गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तिथल्या तरुणांसाठी ‘गाळ’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता. थुरामने त्याला जाहीर विरोध केला : आपणही तिथलेच. राष्ट्रीय संघाचा निळा सदरा अंगात असताना तो हे बोलत होता. वर्षभर आधीच्या निवृत्त थुरामने हेच म्हटले असते तर त्याला किती कान मिळाले असते, कोण जाणे. २००६मध्ये ल पेन यांनी संघात गोरे नसलेले खेळाडू फार झाल्याचे म्हटले, त्यालाही उत्तर देण्यात हाच पुढे होता. सप्टेंबर २००६मध्ये काशाँ येथून घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना त्याने आणि पात्रिक व्हिएराने फ्रान्स-इटली सामन्याची निमंत्रणे दिली. पुढे त्याने वंशवादाविरुद्ध शिक्षणाचे काम करणारी संस्था काढली, पुस्तके लिहिली. परत बोलावलेला माणूस नुसते पाय घेऊन येत नाही, आणि हे कुठल्याही प्रशिक्षकाच्या हिशेबात बसणारे नव्हते. माझ्या आकडेवारीच्या विरोधात जाणारी ही सर्वांत वजनदार बाब आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

पण परतीला शेवट कोण लावणार, हा प्रश्न उरतोच. झिदानने स्वतः लावला. कसा, ते सगळ्या जगाने बर्लिनमध्ये पाहिले. इटलीचा पावलो मालदिनी २००२मध्ये राष्ट्रीय संघातून निघाला, त्यानंतर सात वर्षे मिलानकडून उत्तम खेळला, दोनदा युरोपचा क्लबविजेता झाला, पण देशासाठी पुन्हा उतरला नाही. तो नसताना त्याच्या देशाने विश्वचषक जिंकला. थुराम थांबला नाही आणि त्याला कुणी थांबवलेही नाही. अंतिम सामन्यापर्यंत नेणाऱ्या माणसाला पुरे म्हणायची हिंमत कोण करणार? दोन वर्षांनी, २००८च्या युरोपीय स्पर्धेत, छत्तिसाव्या वर्षी तो पुन्हा मधोमध उभा होता. पहिला सामना रुमानियाशी ०-०. १३ जूनला बर्नमध्ये नेदरलँड्सने फ्रान्सला ४-१ असे धुऊन काढले. रॉबेन आणि स्नायडर त्याच्या आजूबाजूने जात होते आणि त्याचे हात तसेच हवेत होते. ये, जा, मागे, पुढे. आज्ञा बरोबर होत्या. त्या पाळणारे आणि देणारा, दोघांच्याही पायांना वेळ अपुरा पडत होता. तो सामना मी पूर्ण पाहू शकलो नाही.

चार दिवसांनी इटलीविरुद्ध थुरामला बसवले. आणि इथे त्या तीन वर्षांचे बिल आले. मधल्या जागेवर गालाशेजारी कोण? स्किलाची संघात होता. बुमसाँग संघात होता. दोमेनेकने उभे केले एरिक एबिदालला, जो एरवी डावा बॅक. चोविसाव्या मिनिटाला एबिदालने तोनीला पाडले. लाल कार्ड, पेनल्टी, गोल. मग दहा माणसांच्या संघात घाईघाईने बुमसाँगला आत ढकलले. फ्रान्स ०-२ हरला आणि घरी गेला. तीन वर्षे बाकावर बसवलेल्या माणसावर भरवसा नसणे स्वाभाविक आहे. भरवसा बाकावर तयार होत नाही, आणि बाकावर बसवले कुणी, हे तोवर विसरले गेलेले असते. त्याच उन्हाळ्यात थुरामच्या हृदयात दोष सापडला आणि पॅरिसच्या क्लबशी होऊ घातलेला करार राहिला. त्याचे खेळणे तिथे संपले.

वहीत यानंतर नोंदी विरळ होत जातात. माझा उत्साह ओसरला होता आणि मुलांच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या. शेवटची भरलेली ओळ २२ जून २०१०ची आहे. तीन दिवसांपूर्वी अनेल्काला दक्षिण आफ्रिकेतून परत पाठवले होते, दोन दिवसांपूर्वी फ्रेंच खेळाडूंनी सरावाला नकार देऊन बसमध्ये बसून राहणे पसंत केले होते आणि दोमेनेकने त्यांचेच पत्रक पत्रकारांपुढे वाचून दाखवले होते. एबिदाल त्या दिवशी खेळला नाही. माझ्या अक्षरात लिहिले आहे : ब्लूमफाँटेन, दक्षिण आफ्रिका २, फ्रान्स १. खाली मधल्या जोडीची नावे. गाला, स्किलाची. दुसऱ्या नावाखाली मी तेव्हा रेघ ओढली होती, आणि पेन इतके दाबून की मागच्या पानावर तिचा उठाव अजून बोटाला लागतो.